दोन प्लास्टिकांची सोयरीक

द्राक्षाचा हंगाम उरकला की खरड छाटणीच्या सुमारास तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या बाजूच्या बागांतून एक फेरी मारून पाहा. बांधाच्या कडेला प्लास्टिकचा ढीग पडलेला दिसेल. त्यात ठिबक सिंचनाच्या चिरलेल्या काळ्या नळ्या असतात, मुख्य जलवाहिनीच्या पीव्हीसी पाइपांचे तुकडे असतात, बेदाणा वाळवण्याच्या शेडमधली फाटकी जाळी असते, पाण्याच्या बाटल्या असतात. तेथून सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात तर या ढिगात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरची भर पडते. त्याला पेपर म्हणतात एवढेच, तोही प्लास्टिकच.

भंगारवाला येतो, ढीग चाळतो, काही उचलतो, काही तसेच टाकून जातो. अशा वेळी एखाद्या चौकस मुलाच्या मनात प्रश्न येतो. हे सगळे प्लास्टिकच ना? मग एका मोठ्या कढईत घालून एकदम वितळवावे आणि त्याच्या नव्या नळ्या काढाव्यात. निवडत बसायचे कशाला?

प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र कढईत सापडत नाही, रेणूंच्या जगात सापडते. पॉलिथीन आणि पीव्हीसी एकत्र वितळवून कितीही घुसळले तरी ती एकजीव होत नाहीत. एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकून राहतात. गार झाल्यावर दिसायला एकच वस्तू दिसते, पण थेंबाच्या काठाशी दोन्ही पदार्थांची पकड अगदी कच्ची असते. नळीला पाण्याचा दाब मिळाला की ती नेमकी त्या काठावरच फुटते. दोन प्लास्टिकांची सोयरीक जुळवणे हे दोन माणसांची जुळवण्यापेक्षा कठीण, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बहुतेक जोड्या जमतच नाहीत. ज्या थोड्या जमतात त्या का जमतात, आणि त्या खरोखर जमल्या आहेत हे कसे ओळखायचे, ते आज पाहू.

हात धरलेली मुले

साखर पाण्यात विरघळते, पाण्यात अल्कोहोल मिसळते. मग प्लास्टिकांचेच काय बिनसले? याचे कारण त्यांच्या रेणूंच्या लांबीत आहे. प्लास्टिके ही बहुवारिके होत. म्हणजे लहान रेणूंचे शेकडो, हजारो दुवे एकामागे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली होती. १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अशी कल्पना करा की एका मोठ्या मैदानाच्या एका बाजूला साताऱ्याच्या शाळेची ५०० मुले पांढऱ्या सदऱ्यात उभी आहेत आणि दुसऱ्या बाजूला सांगलीच्या शाळेची ५०० मुले निळ्या सदऱ्यात. शिट्टी वाजली आणि सर्वांना वाटेल तसे पळायला सांगितले. पाच मिनिटांत काय दिसेल? पांढरे-निळे मिसळून गेलेले. त्यासाठी साताऱ्याच्या मुलांना सांगलीकरांविषयी विशेष प्रेम असण्याची जरुरी नाही. मिसळलेल्या अवस्थेत उभे राहण्याचे प्रकार अगणित आहेत, वेगवेगळे राहण्याचे प्रकार अगदी थोडे. मिसळणे हे नुसत्या संख्येच्या जोरावर घडते. शास्त्रज्ञ या संख्येच्या जोराला एंट्रॉपी म्हणतात.

आता खेळ बदला. शंभर-शंभर मुलांनी एकमेकांचे हात घट्ट धरायचे आणि काही झाले तरी सोडायचे नाहीत. पाच साखळ्या पांढऱ्या, पाच निळ्या. आता मांडणीचे प्रकार किती उरले? पूर्वीच्या मानाने फारच थोडे. संख्येचा जोर जवळजवळ संपला. शिवाय प्रत्येक मुलाला शेजारच्या परक्या मुलाविषयी किंचित नावड असेल, तर पूर्वी ती कोणाच्या लक्षातही आली नसती. आता साखळीतील शंभर जणांची नावड एकत्र होते आणि साखळीच्या साखळी मागे सरते.

हे आकड्यांत पाहायचे तर २७ अंश सेल्सिअसला दोन साध्या द्रवांच्या समसमान मिश्रणात, एक मोल रेणूंमागे एंट्रॉपीमुळे होणारा लाभ सुमारे १,७०० ज्यूल भरतो. तेच रेणू हजार-हजार दुव्यांच्या साखळ्यांत गुंफले, तर एक मोल दुव्यांमागे लाभ उरतो फक्त १.७ ज्यूल! दोन प्लास्टिकांमधील नावड मोलमागे चार-पाच ज्यूल असली तरी सोयरीक मोडायला ती पुरेशी आहे. हा हिशेब १९४१-४२ च्या सुमारास पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडला.

ओढ कोठून आणायची?

संख्येचा जोर नसेल तर उपाय एकच. दोन साखळ्यांमध्ये एकमेकींविषयी खरी ओढ हवी. या कामी सर्वांत उपयोगी पडतो तो हायड्रोजन बंध. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांना चिकटलेला हायड्रोजन अणू थोडासा धनभारित होतो आणि शेजारच्या दुसऱ्या रेणूवरील ऋणभारित ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा बंध नेहमीच्या रासायनिक बंधाइतका बळकट नसतो. तो मोलमागे साधारण १० ते ३० हजार ज्यूलचा. पण वर आपण चार-पाच ज्यूलची चिंता करीत होतो, हे विसरू नका.

यात एक गंमत आहे. हायड्रोजन बंधाची कल्पना अगदी आरंभी ज्यांना सुचली त्यांपैकी एक होता १९१९ सालचा एक विद्यार्थी, आणि तो म्हणजे हाच मॉरिस हगिन्स. बहुवारिके मिसळत का नाहीत हे ज्याने पुढे हिशेबाने दाखविले, त्यानेच विशीच्या वयात ती मिसळविणाऱ्या बंधाचे स्वप्न पाहिले होते.

ओढ म्हणजे काय याचा अनुभव शाळेच्या प्रयोगशाळेतही घेता येतो. सातारा-सांगलीकडील साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांत मळीपासून जे अल्कोहोल बनते, ते शुद्ध स्वरूपात शाळेत असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि आसपास ज्योत नाही याची खात्री करून ५० मिलिलीटर मोजा. ते ५० मिलिलीटर पाण्यात ओता. बेरीज १०० भरायला हवी, पण भरते ९६-९७. नळी हाताला कोमट लागते. पाणी आणि अल्कोहोल यांच्या रेणूंनी हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जवळ ओढले. त्यामुळे जागा वाचली आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली.

प्लास्टिकांत हे इतके सोपे नाही. उष्णता फार थोडी, आकारमानातील फरक त्याहून थोडा. दोन साखळ्या हातात हात घालून बसल्या आहेत की नुसत्या शेजारी-शेजारी, हे कसे कळावे? त्यासाठी शास्त्रज्ञ त्यांचा थरकाप तपासतात.

रेणू थरथरतो तेव्हा

कोणत्याही रेणूतील अणू स्वस्थ बसलेले नसतात. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा असतो आणि तो सतत आखडत-ताणत राहतो. स्प्रिंग जितकी ताठ आणि तिच्या टोकांची वजने जितकी हलकी, तितकी कंपने जलद. हा नियम तुम्ही भौतिकीच्या पुस्तकात वाचलाच असेल. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंध, ज्याला कार्बोनिल म्हणतात, तो सेकंदाला सुमारे ५२ लक्ष कोटी वेळा कंप पावतो! एवढे मोठे आकडे वापरणे गैरसोयीचे म्हणून शास्त्रज्ञ तरंगांक वापरतात. एका सेंटिमीटरात किती लाटा बसतात ती संख्या म्हणजे तरंगांक. कार्बोनिलचा तरंगांक १,७०० च्या आसपास येतो.

या वारंवारतेचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो तांबड्याच्या पलीकडला, म्हणजे अवरक्त. विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तोच हा प्रकाश. तो एखाद्या पातळ पापुद्र्यातून पाठविला तर ज्या वारंवारता रेणूतील बंधांच्या कंपनांशी जुळतात तेवढ्या शोषल्या जातात. जे शोषले गेले त्याचा आलेख म्हणजे अवरक्त वर्णपट. काच हा प्रकाश अडविते, म्हणून या उपकरणात मिठासारख्या क्षारांच्या खिडक्या बसवीत. दमट हवेत त्या पाणी ओढून धुरकट होत. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात असे उपकरण सांभाळणाऱ्याचे काय हाल झाले असते याची कल्पना करा. आता पुष्कळ ठिकाणी नमुना हिऱ्याच्या लहानशा खड्यावर नुसता दाबतात. खड्याच्या आतून परावर्तित होणारा प्रकाश नमुन्याचा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर चाचपून येतो.

आपल्या देशाला या विषयात अभिमान वाटावा असे एक पान आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात दाखवून दिले की दृश्य प्रकाश रेणूंवरून विखुरतानाही त्यांच्या कंपनांची खूण घेऊन येतो. हा मार्ग अवरक्त वर्णपटाला पूरक आहे. पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखे शोषते, पण रामन वर्णपटात फारशी लुडबुड करीत नाही. म्हणून ओल्या पदार्थांसाठी रामन यांचा मार्ग विशेष सोयीचा.

पंचवीस अंकांची गोष्ट

आता एक खरे उदाहरण घेऊ. सुतार लाकूड चिकटवायला जो पांढरा गोंद वापरतात त्यात पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे बहुवारिक असते. त्याच्या प्रत्येक दुव्यावर एक कार्बोनिल आहे. दुसरे बहुवारिक पॉलिव्हिनिल फिनॉल. त्याच्या प्रत्येक दुव्यावर एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे. एकाजवळ देण्यासारखा हायड्रोजन, दुसऱ्याजवळ तो घेण्यासारखा ऑक्सिजन. पत्रिका जुळते! अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मायकेल कोलमन आणि पॉल पेंटर यांनी १९८० नंतरच्या दशकात अशा अनेक जोड्यांचा कसून अभ्यास केला.

पद्धत साधी आहे. दोन्ही बहुवारिके एकाच विद्रावकात विरघळवायची, द्रावण क्षाराच्या तबकडीवर पसरायचे, विद्रावक पूर्णपणे उडवून लावायचा आणि उरलेल्या पापुद्र्याचा वर्णपट घ्यायचा. नुसत्या गोंदाच्या वर्णपटात कार्बोनिलचे एकच शिखर दिसते, १,७३९ या तरंगांकावर. त्यात पॉलिव्हिनिल फिनॉल मिसळले की १,७१४ वर दुसरे शिखर उगवते. फिनॉलचे प्रमाण वाढवत जा. पहिले शिखर खचत जाते, दुसरे चढत जाते.

हे २५ अंक काय सांगतात? फिनॉलच्या हायड्रोजनने कार्बोनिलच्या ऑक्सिजनला बाहेरून हात दिला, तेव्हा ऑक्सिजनचे आपल्या कार्बनकडे असलेले लक्ष किंचित कमी झाले. स्प्रिंग थोडी सैल पडली आणि कंपन थोडे मंदावले. हिशेब करून पाहा. वारंवारता १.४ टक्क्यांनी घटली. वारंवारता ही स्प्रिंगच्या ताठरपणाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते, तेव्हा ताठरपणा सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाला. घराबाहेर न पडता, दार न उघडता, दोन रेणूंनी एकमेकांना किती जोराने धरले आहे ते आपण मोजले.

पुढची पायरी याहून रंजक आहे. दोन शिखरांखालील क्षेत्रफळे मोजली की शंभरातले किती कार्बोनिल बांधले गेले आणि किती मोकळे राहिले हे काढता येते. समजा दोन्ही क्षेत्रफळे ६०-६० भरली. तर निम्मे बांधलेले, असे कोणीही म्हणेल. पण येथे एक मेख आहे. बांधलेले कार्बोनिल मोकळ्यापेक्षा सुमारे दीडपट जोराने प्रकाश शोषते. म्हणून बांधलेल्याचे ६० भागिले १.५ म्हणजे ४०. मोकळे ६०, बांधलेले ४०. निम्मे नव्हे, चाळीस टक्के. हा दीडचा आकडाही कोलमन-पेंटर यांनी वर्णपटांवरूनच काढला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फिनॉलचे हायड्रॉक्सिल गट गोंदाला भेटण्यापूर्वी रिकामे नसतात, ते आपापसांत हात धरून असतात. तेव्हा नवा बंध जुळताना जुना तुटतो. खरा लाभ म्हणजे नव्या-जुन्यातील फरक. तो १०-३० हजार ज्यूलपेक्षा पुष्कळ कमी असतो, तरी तोही पुरून उरतो.

किती पुरून उरतो? पॉलिस्टायरिन, म्हणजे ज्याचा थर्मोकोल होतो ते, या गोंदात मिसळत नाही. पापुद्रा दुधाळ होतो आणि कार्बोनिलचे शिखर जागचे हलत नाही. पण न्यूयॉर्कच्या पॉलिटेक्निक संस्थेत एलाय पीअर्स आणि टी. के. क्वेई यांनी पॉलिस्टायरिनच्या साखळीवर मधूनमधून, शंभर दुव्यांत अगदी थोड्या दुव्यांवर, हायड्रोजन देऊ शकणारे गट बसविले. तेवढ्यानेच ते पूर्वी न जुळणाऱ्या बहुवारिकांशी मिसळू लागले. शंभर मुलांच्या साखळीत चार-दोघांची परक्या साखळीशी मैत्री झाली की सगळी वरात एकत्र येते, तसेच हे.

प्रत्येक सोयरीक हायड्रोजन बंधानेच होते असे मात्र नाही. पॉलिस्टायरिन आणि पॉलिफेनिलिन ऑक्साइड ही जोडी त्याशिवायही सर्व प्रमाणांत एकजीव होते. त्या मिश्रणापासून विजेच्या उपकरणांची वेष्टने करतात.

उतावीळपणा नको

येथे शिक्षकांसाठी आणि पुढे संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. शिखर थोडे सरकलेले दिसले की ‘हायड्रोजन बंध झाला’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. असे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. उपकरणाची भेदनक्षमता चार अंकांची असताना दोन अंकांच्या सरकण्यावर इमारत उभारणे धोक्याचे आहे. विद्रावकाचा अंश उरला असेल, पापुद्र्याने हवेतली वाफ ओढली असेल, किंवा दोन वेगळी शिखरे नुसती एकमेकांवर पडून मधेच एक शिखर भासत असेल. स्टार्च आणि पॉलिव्हिनिल अल्कोहोल यांच्या मिश्रणात तर हायड्रॉक्सिलची एवढी गर्दी असते, आणि त्यात पाण्याचेही हायड्रॉक्सिल येऊन बसतात, की ३,३०० च्या आसपासच्या त्या रुंद टेकाडावरून काही ठाम बोलणे कठीणच.

खरी कसोटी अशी. दोन्ही शुद्ध पदार्थांचे वर्णपट घ्या आणि मिश्रणातील प्रमाणानुसार त्यांची बेरीज करा. मिश्रणाचा प्रत्यक्ष वर्णपट या बेरजेसारखाच आला, तर दोघे नुसते शेजारी आहेत. वेगळा आला, तर त्या वेगळेपणातच त्यांचे नाते लपलेले आहे. मग तापवून पाहा. हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात, तेव्हा बांधलेल्याचे शिखर उतरले पाहिजे आणि मोकळ्याचे चढले पाहिजे. तसे न झाल्यास पुन्हा विचार करा.

कृष्णाकाठची हळद

हायड्रोजन बंध वर्णपटात काय घडवून आणतो याचा एक नमुना सांगलीच्या बाजारातच पोत्यांनी भरलेला असतो. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवीत. हळदीला पिवळा रंग देणारा रेणू म्हणजे कर्क्युमिन. त्याची संरचना १९१० मध्ये मिलोबेंडझ्का, कोस्टानेकी आणि लांपे यांनी निश्चित केली.

कागदावरील सूत्र पाहिले तर कर्क्युमिनमध्ये एका कार्बनच्या अंतरावर दोन कार्बोनिल आहेत. मग १,७०० च्या वर ठसठशीत शिखर दिसायला हवे. प्रत्यक्षात घन कर्क्युमिनच्या वर्णपटात तेथे काहीच ठळक नसते. शिखर खाली १,६३० च्या जवळ सापडते. कारण रेणूने रूप पालटलेले असते. एका कार्बोनिलचे हायड्रॉक्सिल होते आणि त्याचा हायड्रोजन त्याच रेणूतील दुसऱ्या कार्बोनिलशी घट्ट बंध जोडतो. शेजारच्या दुहेरी बंधांची साखळीही त्याला हातभार लावते. गोंदाच्या गोष्टीत शिखर २५ अंक सरकले होते, येथे ते त्याच्या दुपटीहून खूपच पुढे जाते. एकच रेणू स्वतःच्याच हाताला हात धरून बसला आहे!

घरी करण्यासारखा भाग असा. स्पिरिटमध्ये हळद कालवून त्या द्रावणात टीपकागदाची पट्टी बुडवा आणि वाळवा. तिच्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळा कागद तांबडा होईल. लिंबाचा रस टाका, पुन्हा पिवळा. सोडा कर्क्युमिनचा हायड्रोजन काढून घेतो, लिंबू परत देतो आणि रेणू कोणता प्रकाश शोषणार हे त्यावर ठरते. येथे तुमचा डोळा हाच वर्णपटमापक. याच गुणाचा उपयोग करून स्टार्च, पॉलिव्हिनिल अल्कोहोल किंवा कायटोसान यांच्या पापुद्र्यात कर्क्युमिन बसवून मासळीच्या वेष्टनासाठी खूणपट्ट्या बनविण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी चालू आहेत. मासळी नासू लागली की तिच्यातून अमोनियासारखे वायू सुटतात आणि पट्टी तांबूस होते. अशा पापुद्र्यात रंगद्रव्य बहुवारिकाला धरून बसले आहे की सुटून अन्नात उतरेल, हा कळीचा प्रश्न असतो, आणि तेथे पुन्हा अवरक्त वर्णपटच कामाला येतो.

पुण्याचा सहभाग

हायड्रोजन बंधांचा सर्वांत नाट्यमय खेळ मात्र एका जेलमध्ये पाहायला मिळाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली आणि बहुवारिकांचा अभ्यास तेथे मोठ्या प्रमाणावर होतो. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत मराठी शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी याच विषयात काम केले, आणि १९८९ ते १९९५ या काळात ते प्रयोगशाळेचे संचालक होते. २०१२ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील श्यानी वर्गीस यांच्या गटाने माशेलकर व आशिष लेले यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी असे जेल केले की ज्याच्या साखळ्यांना लहान लवचीक शेपट्या आहेत. प्रत्येक शेपटीत एक अमाइड गट आणि टोकाला एक आम्लगट. जेलचे दोन तुकडे करून ते आम्लधर्मी पाण्यात एकमेकांना लावले की काही सेकंदांत सांधले जातात. पाणी अल्कधर्मी केले की पुन्हा सुटतात.

कारण असे की आम्लात टोकांच्या गटांचा हायड्रोजन जागेवर असतो. दोन्ही काठांवरील शेपट्या त्याच्या आधारे एकमेकींना धरतात. अल्कात तो हायड्रोजन निघून जातो, टोके ऋणभारित होतात आणि एकमेकांना दूर लोटतात. हळदीच्या पट्टीवर सोडा आणि लिंबू यांनी जे केले त्याच जातीचे हे. हात कोणी कोणाला दिला, आम्लगटाने आम्लगटाला की अमाइडला, याचा छडा कंपनांच्या वर्णपटांनी लावला. शेपटी फार आखूड असली तर हात पोहोचत नाही. फार लांब असली तर शेपट्या आपल्यातच गुरफटतात. मधल्या लांबीच्या शेपट्यांनाच हे साधले.

पुन्हा भंगाराकडे

पॉलिथीनच्या साखळीवर हायड्रोजन देणारा गट नाही आणि घेणाराही नाही. ती नुसती कार्बन-हायड्रोजनची कोरडी साखळी. तिची सोयरीक पीव्हीसीशी किंवा नायलॉनशी आपोआप होणे नाही. म्हणून कारखान्यांत मध्यस्थ वापरतात. पॉलिथीनच्याच साखळीवर थोडे मॅलेइक ॲनहायड्राइड कलम करतात. कलमाचा गट नायलॉनच्या टोकाशी रासायनिक बंध जोडतो आणि बाकीची साखळी पॉलिथीनमध्ये रुतून राहते. ॲनहायड्राइडचे १,७८० च्या आसपासचे शिखर वर्णपटातून ओसरले की मध्यस्थी यशस्वी झाली असे समजतात.

परंतु मध्यस्थ महाग असतो, आणि तो कोणत्याही दोन घराण्यांना चालत नाही. त्यापेक्षा आधीच निवडून वेगळे करणे स्वस्त पडते. बाटल्यांच्या पॉलिएस्टरमध्ये पीव्हीसीचे थोडेसे तुकडे गेले तरी सगळा घाणा बिघडतो. पॉलिएस्टर वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी करपून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. हीच वाफ बांधावर पीव्हीसी जाळल्यावरही सुटते. म्हणून ते जाळू नका आणि जाळू देऊ नका.

निवडण्यासाठी मोठ्या कारखान्यांत अवरक्ताच्या जवळच्या पट्ट्यातील प्रकाश वापरतात. पट्ट्यावरून धावणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर प्रकाश पडतो, परतलेल्या प्रकाशावरून यंत्र जात ओळखते आणि हवेच्या झोताने तुकडा योग्य खणात उडविते. पण सातारा-सांगलीच्या ढिगापुढे हे यंत्र अडखळते. ठिबकच्या नळ्या उन्हाने जळू नयेत म्हणून त्यांत दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. तीच काजळी यंत्राचा प्रकाशही गिळून टाकते. काळ्या नळीवरून काहीच परत येत नाही आणि यंत्राला तेथे नुसता अंधार दिसतो. हिऱ्याच्या खड्यावर तुकडा दाबून मध्य अवरक्तात पाहिले तर कार्बन-हायड्रोजनची २,९१५ आणि २,८४८ ही शिखरे काजळीतूनही डोके वर काढतात. पण असे एकेक तुकडा दाबत बसायला टनांच्या ढिगापुढे सवड कोणाला?

तोवर भंगारवाल्याची बादली बरी. नळीचे आणि पाइपचे नखाएवढे स्वच्छ तुकडे करून पाण्यात टाका, बुडबुडे बोटाने झटका. पॉलिथीनची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९२, म्हणून ते तरंगते. पीव्हीसीची सुमारे १.४, म्हणून ते तळाला जाते. बाटलीचे पॉलिएस्टरही तळालाच जाते, त्याची घनता पीव्हीसीच्या इतकी जवळ की बादली त्या दोघांना वेगळे करू शकत नाही. त्या दोघांसाठी मात्र वर्णपटाकडे जावे लागते. तेथे पॉलिएस्टरचे कार्बोनिल १,७२० च्या सुमारास उभे असते, आणि पीव्हीसीला कार्बोनिलच नसते.